बन्सीधर कंट्रोलरची मयूरपंख

शेंद्रीच्या स्टँडवर ज्यानं कधी गाडीची वाट बघितली असेल, त्याला बन्सीधर कंट्रोलरचा आवाज ठाऊक असणारच. माणूस बघितला तर काडीसारखा, शर्टाच्या कॉलरीत मान सैल फिरणारी. पण भोंग्यातून आवाज निघाला की वाटावं, आत कुणी पैलवान बसलाय. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं म्हटलं की लिंबाखालची शेळीसुद्धा रवंथ थांबवायची.

पाथरी आणि परभणीच्या मधलं हे गाव. गाड्या दोन्हीकडून येत, त्यामुळं उशीरही दोन्हीकडून येई, आणि या उशिरांना शब्द पुरवण्यात बन्सीधरची नोकरी चाललेली. जाणत्या प्रवाशांना त्या शब्दांचे अर्थ पाठ होते. "थोड्याच वेळात" म्हटलं की माणसं भाकरी सोडून जेवायला बसत. "तांत्रिक कारणामुळे" ऐकलं की बाया लिंबाला झोळी बांधून लेकरू झोपवत. आणि "गाडी मार्गस्थ आहे" असं आलं, की ज्याला खरंच घाई असेल तो पिशवी उचलून फाटकाबाहेर मुंजाजीच्या जीपकडं चालायला लागे. कारण मार्गस्थ म्हणजे गाडी कुठं आहे हे खुद्द कंट्रोलरला माहीत नाही.

एक शब्द मात्र बन्सीधरनं भोंग्यातून कधी काढला नव्हता. 'रद्द'. नाल्याला पूर येवो, नामांतराच्या आंदोलनात रस्ता बंद होवो, गाडीचं चाक हलो न हलो, रद्द म्हणायचं नाही.

"रद्द म्हनलं की मानूस उठून जातो," तो समजावून सांगे, "आन् मानूस उठून गेला की गाडी हमखास येती. लय बघितलंय मी."

यात खोटं काही नव्हतं. वैतागून जीपकडं गेलेली माणसं मुंजाजी आधी मांडीवर मांडी घालून भरी, मग टपावर भरी, मग "एक शीट, परभनी एक शीट" असं ओरडत अर्धा घंटा चहा पीत बसे. तेवढ्यात लाल गाडी धुरळा उडवत यायची आणि थांबलेल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन ऐटीत निघून जायची. त्या वेळी बन्सीधर खिडकीतून मुंजाजीकडं असं बघे, जसं काही गाडी त्यानंच ढकलत आणली.

तर असा हा थांबण्यावर श्रद्धा असलेला माणूस. त्याच्या घरात टीव्हीपुरते पैसे साठले, तेव्हा काय झालं त्याची ही हकीगत.

पैसे खरं म्हणजे कमलबाईनं साठवले होते. म्हशीचं दूध घालून, वर बन्सीधरच्या दिवाळीच्या बोनसातलं लोण्यासारखं अलगद वरच्यावर काढून. परभणीला प्रक्षेपणाचा टॉवर उभा राहिल्यापासून तिनं घरात टीव्हीची जागा ठरवून ठेवली होती. कोनाड्यातला कंदील हलवला, तिथं चुना दिला, वर टाकायला दोऱ्याचा रुमालही विणून झाला. रुमालाखाली ठेवायची वस्तू तेवढी आणायची होती.

त्या आठवड्यात विमा एजंट बापू स्टँडवर आला. हा बापू माणसाला मरणाची भीती घालून विमा विकायचा; पण हल्ली त्याला जिवंत माणसांनाही विकण्यासारखं काही मिळालं होतं. त्यानं कँटीनच्या टेबलावर एक गुळगुळीत कागद पसरला. कागदावर मोठा मोर.

"मयूरपंख टेलिव्हिजन लिमिटेड," बापू म्हणाला. "औरंगाबादेत कारखाना. शेअर काढलेत बघा कंपनीनं."

"मला टीव्ही घ्यायचाय, बापू."

"तेच तर सांगायलोय! टीव्ही घरी आनला की दुसऱ्या दिवशी जुना. शेअर घेतले की कंपनीच तुमची. चार वर्सं थांबा. नफ्यातनं दोन टीव्ही घ्या. एक वहिनीला, एक म्हशीला."

म्हशीचं बन्सीधरनं हसण्यावारी नेलं. पण "थांबा" हा शब्द त्याच्या काळजात जाऊन बसला. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवलं. एकदा आपणही थांबून बघावं, असं त्याला वाटलं असेल.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं वर्दी दिली. कमलबाई चुलीपुढं होती.

"म्हंजे टीव्ही येनार न्हाई?"

"टीव्ही काय घिऊन बसलीस! टीव्हीची कंपनीच घेतलीय."

"मंग आना की तिला घरी," कमलबाई म्हणाली. "रुमाल तयार हाय."

यथावकाश शेअरचे कागद आले. त्यांच्यावरचा मोर सात रंगांचा होता. कंपनीत रंगीत तेवढाच. टीव्ही ती काळेपांढरे काढायची, आणि नेमक्या त्याच सुमारास जगाला रंगीत टीव्ही लागला. औरंगाबादच्या गोदामात मयूरपंखचे संच एकावर एक चढून बसले. पहिल्या वर्षी कंपनीनं कळवलं, नफा जेमतेम. दुसऱ्या वर्षी कळवलं, तोटा जेमतेम. तिसऱ्या वर्षी जेमतेम हा शब्दही उरला नाही. मग कंपनी सावरायला मुंबईहून नवे अध्यक्ष आणले. त्यांनी पुनरुज्जीवन नावाची योजना काढली. त्या योजनेत पहिलं कलम हे की जुन्या भागधारकांनी आणखी थोडे पैसे घालावेत.

शहाण्यासुरत्या माणसांनी ते पत्र चुलीत घातलं. बन्सीधरनं दिवाळीच्या बोनसातून आणखी दहा शेअर घेतले.

"पंक्चर काढायला आपनच हात न्हाई लावला तर गाडी निघंल कशी?" तो बापूला म्हणाला.

इकडं दर रविवारी सकाळी टीव्हीवर पुराणातली मालिका लागायला लागली आणि कमलबाईचे खरे हाल सुरू झाले. गल्लीत टीव्ही एकच, चतुराबाईकडं. चतुराबाईचा नवरा बियाणांचा व्यापारी. बी पेरावं तशी ती माणसं पेरायची: सोफ्यावर कोण, सतरंजीवर कोण, उंबऱ्याशी कोण, सगळं ठरलेलं. कमलबाईला पहिल्यांदा चपलांजवळ जागा मिळाली. पण एका रविवारी वारा सुटला, चित्रावर मुंग्या आल्या, आणि कमलबाई आपण होऊन अंगणात गेली, अँटेनाचा खांब तिनं हातात धरून जरा फिरवला. आत आरोळी उठली, "आलं, आलं!" तिनं खांब सोडला. "गेलं!" पुन्हा धरला. "आलं!"

झालं. त्या दिवसापासून कमलबाईची जागा अंगणात.

"तुमचा हात लय गुनाचा हाय, कमलबाई," चतुराबाई आतून साखर पेरायची. "दुसरं कुनी धरलं की मुंग्याच येत्यात. जरा धरा, मी तुमाला सांगत जाईन काय चाललंय ते."

आणि ती सांगायची कशी? "रथ आला." मग बराच वेळ काही नाही. "रथ गेला."

असं अर्धं महायुद्ध कमलबाईनं खांब धरून ऐकलं. घरी आली की हाताला गंजाचा वास. ती नवऱ्याला एकच विचारायची, "कुठवर आली तुमची कंपनी?"

"येईल, थोड्याच वेळात."

ती जाऊन भाकरी सोडून बसायची. अर्थ तिलाही पाठ होता.

मुंजाजीला हे सगळं कळलेलं. स्टँडच्या फाटकाला रेलून तो मोठ्यानं हाक घाली, "कंट्रोलरसाहेब! मयूरपंख कोनत्या फलाटाला लागनार? आमच्या वहिनी बेजार झाल्यात!"

"तू शीटं भर तुझी," बन्सीधर म्हणे. भोंगा चालू आहे हे तो विसरे. सगळ्या स्टँडला ऐकू जाई.

मग एका रविवारी कमलबाई घरी आली ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली. आज मालिकेत बाणांच्या शय्येवर पडलेला मोठा म्हातारा दाखवला होता. गल्लीतल्या सगळ्या बाया डोळे पुसत बाहेर पडल्या.

"मला न्हाई दिसला म्हातारा," ती म्हणाली. "निस्त्या बाया रडल्याल्या ऐकल्या. आता युद्ध सरत आलंय म्हनं. उन्हाळ्यात मालिका बंद हुनार. तुमची कंपनी बुडू द्या न्हाईतर तरू द्या. मला येक रविवार तरी माझ्या घरात, पाय पसरून बघायचंय. येकच."

एवढं मागणं तिनं लग्नात नाव घेतानाही केलं नव्हतं.

त्याच पंधरवड्यात कंपनीनं औरंगाबादला भागधारकांची सभा बोलावली. बन्सीधरनं रजा टाकली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं निघाला. मनात त्यानं हिशेब बांधलेला: अध्यक्षांना तोंडावर विचारायचं. नफा होवो, ना होवो. निदान केव्हा होणार ते कळलं की कमलबाईला तारीख सांगता येईल.

सभा एका मंगल कार्यालयात होती. मागच्या लग्नाची झालर अजून लटकत होती. खुर्च्या मोप, माणसं थोडी, आणि त्यांतली बरीचशी फुकटच्या वड्यासाठी आलेली. अध्यक्ष गोरेगोमटे, टायवाले. आधी इंग्रजीत बोलले. ते बोलायला लागले की मागच्या रांगेतला एक म्हातारा दर दोन वाक्यांना "वा!" म्हणायचा. त्याला इंग्रजी येत होतं असं वाटत नव्हतं. मग प्रश्न विचारायला सांगितलं. बन्सीधर उभा राहिला. कुणी त्याच्या हातात माईक दिला. आणि माईक हातात आल्याबरोबर त्याचा आवाज पैलवानाचा झाला.

"मी बन्सीधर, शेंद्रीहून आलोय, परभनी जिल्हा. माझा सवाल येकच हाय. गाडी निघाली का, का अजून जागेवरच हाय?"

सभा हसली. अध्यक्षही हसले. त्यांना मराठी छान येत होतं. उलट इंग्रजीपेक्षा बरं येत होतं.

"फार चांगला प्रश्न," ते म्हणाले. "मी अगदी स्पष्ट सांगतो. काही तांत्रिक कारणामुळे विलंब झालेला आहे, हे मान्य. पण कंपनी आता मार्गस्थ आहे. थोड्याच वेळात आपल्याला तिचं दर्शन होईल. तोवर भागधारकांनी सहकार्य करावं, ही विनंती."

टाळ्या पडल्या. मागचा म्हातारा "वा!" म्हणाला.

बन्सीधर मात्र उभाच. तांत्रिक कारण, मार्गस्थ, थोड्याच वेळात, सहकार्य करावं. शब्द त्याचे होते, क्रम त्याचा होता, "करावं"वर किंचित थांबायची लकबसुद्धा त्याचीच. जन्मात पहिल्यांदा तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होता. आणि बाहेरून ऐकल्यावर त्याला लख्ख कळलं, की टायवाल्या साहेबांनाही गाडी कुठं आहे हे ठाऊक नाही.

त्यानं वडा खाल्ला नाही. हे त्याच्या बाबतीत मोठंच लक्षण.

रात्र बहिणीकडं काढून रविवारी पहाटेच्या गाडीनं तो परतला. स्टँडवर उतरला तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. सगळी शेंद्री कुठल्या ना कुठल्या टीव्हीपुढं. घराला कुलूप. तो तसाच चतुराबाईच्या अंगणात गेला. आतून शंखांचे आवाज येत होते, आणि अंगणात कमलबाई दोन्ही हातांनी खांब धरून उभी, पदर वाऱ्यावर.

"आलात?" ती म्हणाली. खांब तिनं सोडला नाही. "काय म्हनली कंपनी?"

बन्सीधरनं पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला. सवयीनं "प्रवाशांनी" असं तोंडात आलेलं त्यानं गिळलं.

"रद्द," तो म्हणाला.

"काय रद्द?"

"गाडी. आपली. येनार न्हाई ती, कमल. मला कळलंय. शेअर फुकून टाकतो आन् मिळंल त्यात टीव्ही घिऊ."

कमलबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. या माणसाच्या तोंडून रद्द हा शब्द सबंध तालुक्यात कुणी ऐकला नव्हता. तिनं पहिल्यांदा ऐकला. मग तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात खांबावरून काढून घेतले.

आत एकदम हाहाकार. "गेलं! गेलं! कमलबाई! अवो, बान सुटलाय, धरा की!"

"चला," कमलबाई नवऱ्याला म्हणाली.

दोघं अंगणातून बाहेर पडली तेव्हा चतुराबाईचा व्यापारी नवरा धोतर सावरत खांबाकडं धावत होता. त्याचा हात गुणाचा नव्हता. कोपऱ्यावर वळेपर्यंत आतला आरडाओरडा चालूच होता, आणि कमलबाई, बन्सीधर शपथेवर सांगतो, गालातल्या गालात हसत होती.

बापूनं शेअर विकून दिले. भाव इतका उतरलेला की बापूलाच सांगताना लाज वाटली. दहा शेअरचा तो सुटा कागद मात्र कुणी घेईना. "येवढ्या चिल्लर शेअराला गिऱ्हाईक न्हाई," बापू म्हणाला. कमलबाईनं तो काचेच्या फ्रेमीत घालून कोनाड्यावर लावला. का, असं विचारलं तर म्हणाली, "मोर चांगला हाय."

पैसे कमी पडले ते तिनं भिशीतून घातले. दोघं परभणीला गेली, भलत्याच कंपनीचा, काळापांढराच, पण चालू टीव्ही घेतला. आता तो आणायचा कसा? लाल गाडीच्या टपावर टाकला तर शेंद्रीपर्यंत काचेचा भुगा. बन्सीधर दुकानापुढं खोकं धरून उभा, आणि समोर कोण? "शेंद्री, पाथरी, येक शीट!"

"कंट्रोलरसाहेब!" मुंजाजीनं जीपमधून उडीच मारली. "आमच्या गाडीत? वरच्या साहेबाला कळलं तर?"

"तू गप ऱ्हा. वहिनीला पुढं बसव."

"वहिनी पुढं. टीव्ही तुमच्या मांडीवर. आन् टीव्हीचं शीट धरायचं का न्हाई ते तुमीच सांगा, नियम तुमाला जास्त ठावं."

जीप मानवतला येऊन थांबली. मुंजाजी शिटं भरायला लागला. बन्सीधरच्या मांडीवर टीव्ही, टीव्हीवर कुणाचं तरी लेकरू, पाठीत कुणाची तरी कोंबडी. तेवढ्यात मागून भोंगा वाजवत लाल गाडी आली आणि वाऱ्यासारखी पुढं निघून गेली. अगदी वेळेवर. रिकामी.

"थांबला असता तर त्यात गेला असता!" मुंजाजी म्हणाला.

बन्सीधरनं आयुष्यात पहिल्यांदा एसटीला शिवी दिली. हळू दिली, लेकराच्या कानावर हात ठेवून.

मालिकेचे शेवटचे काही रविवार कमलबाईनं आपल्या घरात बघितले. पाय पसरून. चतुराबाईही आली. तिच्या टीव्हीवर मुंग्या काही हटेनात. कमलबाईनं तिला मनाचा मोठेपणा दाखवून सतरंजी दिली. चपलांजवळची का होईना. खांब मात्र या घरीही कुणीतरी धरायला लागायचाच. घरात माणसं दोनच. शिवाय टीव्ही कुणाच्या हट्टापायी उशिरा आला हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा बन्सीधर निमूट अंगणात गेला.

मालिका संपली, दुसऱ्या लागल्या, वर्षं गेली. बन्सीधरच्या घोषणाही बदलल्या. आता तो सरळ "रद्द" म्हणू लागला होता. लोक गोंधळले. रद्दचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून ते थांबून राहत. आणि बऱ्याचदा गाडी यायचीसुद्धा.

एक दिवस बापू सायकल टाकून स्टँडवर धावत आला.

"कंट्रोलरसाहेब, मयूरपंख! शेअर चढलाय, लय चढलाय! टीव्ही काढायचं बंद केलं त्यांनी. आता अँटेनाचं बूस्टर काढायलेत. चित्रावरल्या मुंग्या घालवायचं यंत्र. देशभर खपायलंय!"

"मार्गस्थ असंल," बन्सीधर थंडपणे म्हणाला. "मी ऐकलंय ते औरंगाबादेत. जा, च्या पी."

त्यानं विश्वास ठेवलाच नाही. मुंजाजीनं चार दिवस चिडवलं, तरी नाही. बापूनं भाव कागदावर लिहून दाखवला, तर त्यानं त्या कागदात शेंगा बांधून घेतल्या.

पुढच्या रविवारी वारा होता. कमलबाई आत शेंगा फोडत बसलेली, चतुराबाई सतरंजीवर, बन्सीधर अंगणात खांबाला लागलेला. एवढ्यात आतून कमलबाईची हाक आली, आणि अशी आली की शेजारची कुत्री उठली.

"अवो! पळा पळा! तुमची कंपनी आलीय! मोर आलाय टीव्हीवर!"

जाहिरात लागली होती. मयूरपंख बूस्टर. "मुंग्या पळवा, चित्र बोलवा" असलं काहीतरी गाणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. बन्सीधरच्या काळजात बुडालेलं सगळं एकदम वर आलं. किती वर्षं वाट बघितली होती! त्यानं खांब सोडला, एका उडीत उंबरा ओलांडला, टीव्हीपुढं येऊन उभा राहिला.

टीव्हीवर मुंग्या. नुसत्या मुंग्या. गाणं तेवढं खरखरत चाललेलं, तेही संपलं.

"कुठाय?" तो धापा टाकत म्हणाला. "कुठाय मोर?"

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. कमलबाई मात्र हसली नाही. तिनं फ्रेमीतल्या दहा शेअरच्या मोराकडं एकदा बघितलं, मग नवऱ्याकडं. हातातली शेंग फोडून त्याच्या तळहातावर दाणे ठेवले.

"मार्गस्थ हाय," ती म्हणाली. "जा, खांब धरा. थोड्याच वेळात परत येनार हाय म्हनं."